टबातलं अंजीर

गवंडी सकाळीच येणार होता आणि झाड अजून नीटसं मेलेलं नव्हतं, ही त्या रविवारची मुख्य अडचण होती.

नानांचा शब्द घरात सगळ्यांना पाठ होता. टबातलं अंजीर हिरवं आहे तोवर गॅलरीत भिंत उठणार नाही. ते गेलं की घाला काय घालायची ती. हा शब्द दिला तेव्हा अंजीर इतकं तरारलेलं होतं की त्याच्या पानांआड धाकट्या मुलाचं दार दिसत नसे. नाना स्वतः त्या वेळी खोकत होते. झाड आपल्या मागे राहणार, असा त्यांचा साधा हिशेब. पुढे नानांचा खोकला बरा झाला आणि झाडाची पानं पिवळी पडायला लागली. माणसानं शब्द जरूर द्यावा, पण आधी तब्येतीला विचारून द्यावा.

गॅलरी एकच आणि घरं दोन. एका टोकाला थोरल्याचं स्वयंपाकघर उघडतं, दुसऱ्या टोकाला धाकट्याचं, मधोमध नानांची खोली, आणि नानांच्या दाराशी तो टब. भांडण झालं होतं उन्हावरून. धाकटी सून दातांची डॉक्टर. तिचे दवाखान्याचे पांढरे कोट गॅलरीतल्या दोरीवर वाळत, आणि त्यांची सावली नेमकी थोरलीच्या खुर्चीवर पडे. थोरली म्हणाली की आता उन्हाचीसुद्धा अपॉइंटमेंट घ्यावी लागणार. धाकटी म्हणाली की मग ऊन वाटूनच घेऊ. 'भिंत' हा शब्द त्यानंतर कोणाच्या तोंडून आधी निघाला, याबद्दल दोन घरांत दोन ठाम मतं आहेत. बायको रागात बोलते ते कानाआड करायचं आणि शांतपणे बोलते ते ताबडतोब करायचं, एवढी अक्कल दोघा भावांना एव्हाना यायला हरकत नव्हती. त्यांनी उलटं केलं. दोघंही मिळून, बऱ्याच दिवसांनी एका स्कूटरवर बसून, गवंड्याला सांगून आले.

खरं म्हणजे भिंत कोणालाच नको होती. फक्त 'नको' आधी कोणी म्हणायचं, यावर एकमत होत नव्हतं.

टबाची गोष्ट नानांसमोर कोणी काढत नाही. नाना जन्मभर नळजोडणीची कामं करत आले. थोरला तोच धंदा पुढे चालवतो. धाकटा शिकला आणि पाणीपुरवठ्यात इंजिनियर झाला, म्हणजे तोच धंदा खुर्चीत बसून करतो. 'आमच्या हातचं गळत नाही' अशी दुकानावर पाटी आहे, आणि पाट्यांवर लिहिलेल्या गोष्टींपैकी ही खरी असलेली दुर्मीळ गोष्ट. अशा नानांनी उभ्या आयुष्यात एकदाच माप चुकवलं. टवका उडाला म्हणून एका गिऱ्हाइकानं नाकारलेला बिडाचा टब त्यांनी हौसेनं पोरांच्या आईसाठी घरी आणला, आणि तो न्हाणीघराच्या दारातून आत जाईना. उभा जाईना, आडवा जाईना, तिरका करून पाहिला तर दाराची चौकट निघाली. आई कुठूनशी अंजिराची फांदी घेऊन आली, टबात माती भरली, फांदी खोचली आणि वर पांढरे गोटे पसरले. नानांनी मुकाट्यानं टबाच्या बुडाला पाइप जोडला आणि जादा पाणी जाण्यासाठी गॅलरीच्या मोरीपर्यंत नेला.

"अंजीर मोकळं सोडलं की नुसता पानांचा माज करतं," आई पुढे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. "पाय आवळून ठेवले की फळ देतं." सांगताना बघायची मात्र नानांकडे.

आई जाऊन बरीच वर्षं झाली. टब तिथेच होता.

त्या रविवारी थोरली सगळ्यांआधी उठली. चपला न घालता गॅलरीत आली, हातात मग. टबातले गोटे नेहमीसारखे खडखडीत कोरडे. एवढं मोठं घर, पण तहानलेल्या झाडाला कोणी विचारत नाही. तिची अशी पक्की खात्री होती की धाकटी कोट भिजवलेलं साबणाचं पाणी सगळ्यांची नजर चुकवून टबात रिकामं करते. शिकलेली माणसं, त्यांना वाटतं सगळंच धुऊन निघतं. थोरलीनं मग ओतला. आजचा दिवस निभावून ने, असं झाडाला हळूच सांगितलं, म्हणजे गवंडी परत जाईल आणि मला काही बोलावं लागणार नाही. शेंड्याचं एक पान तेवढ्यात गळून तिच्या हातावर पडलं. तिनं ते ब्लाउजच्या बाहीत लपवलं आणि आत जाऊन दार लावलं.

दार लागल्याचा आवाज होईपर्यंत धाकटी पडद्यामागे उभी होती. या घरात आली त्या वर्षी आईनं तिला त्या झाडाचं पहिलं पिकलेलं अंजीर दिलं होतं, आणि बाकीच्यांना सांगू नकोस म्हणून बजावलं होतं. तिनं अजून कोणाला सांगितलं नव्हतं. तिच्या मते थोरली वहिनी भांड्यातलं उकळतं पाणी टबात ओतत असणार. नाहीतर पहाटे चोरासारखं गॅलरीत यायचं कारण काय? म्हणून धाकटी तिच्या पाठोपाठ जाऊन वरून चांगलं गार पाणी घालायची. उतारा म्हणून. त्या दिवशी तिनं पाण्याचा अख्खा जग रिता केला.

नवऱ्यांची तऱ्हा निराळी नव्हती. थोरला दुकानाला जाताना गॅलरीतला नळ गळतो का बघतो असं म्हणून टबाशी थबके. नळ गळणं शक्य नव्हतं, पाटीवर लिहिलंच होतं. धाकटा संध्याकाळी फोनवर बोलत बोलत येरझाऱ्या घाली आणि दुसऱ्या हातातली बाटली टबापाशी हलकी होई. भावापुढे झाडाला पाणी घालणं म्हणजे भिंत नको असं म्हणण्यासारखंच होतं, आणि तेवढं नाक खाली करायची दोघांचीही तयारी नव्हती.

राहता राहिले नाना. ते बिछान्याशेजारचा पाण्याचा पेला खिडकीतून हात काढून टबात ओतायचे, कारण वाकणं जमत नव्हतं. या खिडकीतून बाकीच्यांची ये-जा त्यांना दिसायला हवी होती. पण त्यांचा चष्मा जावयाच्या दुकानातला होता.

त्या सकाळी पेला ओतून झाल्यावर नाना बराच वेळ खिडकीतच उभे राहिले. आयुष्यभर भिंतींतून पाइप नेलेला माणूस. भिंत कुठून जाणार हे त्यांना दोरी न लावता कळत होतं. ती टबाच्या जागेवर उठणार आणि सरळ त्यांच्या दाराच्या मध्यावर येऊन आदळणार. मग दार एका बाजूला सरकवावं लागेल. आणि कोणत्या बाजूला, हे त्यांना विचारलं जाईल. दोन पोरांतलं एक निवडायचं. पोरं लहान असताना त्यांनी ही वेळ कधी येऊ दिली नव्हती. बाजारातून बॉल आणला तरी दोन आणायचे, एकाच रंगाचे. आता म्हातारपणी बाप एकच उरला होता आणि त्याला दोन प्रती काढता येत नव्हत्या. भिंत घालायला निघालेल्या चौघांपैकी हे अजून कोणाच्याही डोक्यात आलेलं नव्हतं. आणि आपण होऊन सांगायचं म्हणजे, मला दोघं हवेत, असं तोंडानं म्हणायचं. तसं बोलायची नानांना सवय नव्हती. ते कामही आई करायची.

गवंड्याच्या आधी ताई आली. ती भावंडांत सगळ्यांत मोठी, शाळेची मुख्याध्यापिका, दोन गल्ल्या पलीकडे राहते. भांडणात मध्यस्थ म्हणून तिला बोलावलं होतं आणि ती दोन्ही बाजूंना आधीच रागावून आली होती. मागोमाग जावईबापू आले. चष्म्याच्या दुकानात बसून बसून त्यांना बसण्याची इतकी सवय झालेली की उभं राहणं हा त्यांना दोन बसण्यांमधला नाइलाज वाटे. पाठ दुखते हे कारण त्यांनी लग्नात सांगितलं होतं, ते अजून चालू होतं. त्यांनी गॅलरीत चटई अंथरून घेतली आणि नानांच्या दाराजवळ आडवे झाले. झाडाकडे एकदा पाहिलं आणि डोळे मिटले. या घरातल्या कुठल्याही भांडणात त्यांनी कधी भाग घेतला नव्हता, आणि म्हणून दोन्ही बाजू त्यांना निरुपयोगी समजत.

गवंडी आला तो कामाचा माणूस. चहा नको म्हणाला. त्यानं कठड्यापाशी खिळा ठोकला, दोरी ताणली आणि ओळंबा सोडला. दोरी टबावरून गेली, वाळक्या शेंड्याला घासली, आणि नानांच्या बंद दाराच्या बरोबर मधल्या फळीवर जाऊन टेकली. गवंड्यानं दाराकडे बघितलं, मग चौघांकडे.

"हे दार कोणाकडे जायचं?" त्यानं विचारलं.

दोरी हवेत थरथरत होती, तिच्याकडे बघायची सगळ्यांना सोय झाली.

"नाना जेवायला आमच्याकडे असतात," थोरला शेवटी म्हणाला.

"औषधं आमच्याकडे असतात," धाकटा म्हणाला.

"म्हणजे जेवायचं इकडे आणि आजारी पडायचं तिकडे," ताई म्हणाली. "छान सोय आहे. मरायचं कुठे, तेही ठरवून टाका, गवंडी आलाच आहे तर."

तेवढ्यात दार उघडलं आणि नाना स्वतःच दोरीच्या टोकाशी उभे दिसले. दोरी आता बरोबर त्यांच्या सदऱ्याच्या बटणांवर टेकली होती. दार कुठेही सरकवा, ते म्हणाले, मी खिडकीतून ये-जा करीन.

हा विनोद होता. नाना असे विनोद करत, आणि एरवी थोरला मोठ्यानं हसे. आज कोणी हसलं नाही. थोरलीनं नवऱ्याकडे पाहिलं, धाकटीनं आपल्या. दोघींच्या मनात नेमका एकच विचार आला की हे आधी कसं सुचलं नाही, आणि दोघींनी तो एकमेकींपासून लपवला.

ताईनं सूत्रं हाती घेतली. नानांचा शब्द झाडावर आहे, तर आधी झाडाचं काय ते बघा; आणि बघायचं तर ज्याला मुळांची माहिती आहे त्यानं बघावं. धाकटी आत जाऊन, अंगात कोट चढवून, दवाखान्यातलं टोकदार हत्यार घेऊन आली. साल थोडी खरवडायची: आत हिरवं दिसलं तर जीव आहे, तपकिरी दिसलं तर गेलं. शेंड्याला खरवडलं, तपकिरी. मधल्या फांदीला, तपकिरी. तिनं कोटाच्या बाहीनं कपाळ पुसलं आणि खोडाच्या कमरेशी, अगदी अलगद, दुखऱ्या दाताशी जाते तशी गेली. सालीखाली पोपटी रंगाची एक बारीक रेघ दिसली.

"आहे," ती म्हणाली. "वहिनी, बघा. हिरवं आहे."

ते हिरवं असावं म्हणून थोरली पहाटेपासून मनातल्या मनात हात जोडून होती. पण धाकटीनं दाखवलेली गोष्ट पहिल्या फटक्यात मान्य करायची नाही, हा इतक्या महिन्यांचा सराव. तो जिभेवर होता, आणि जीभ मनापेक्षा जवळ असते.

"मला नाही दिसत काही हिरवं," थोरली म्हणाली.

धाकटीचा चेहरा उतरला. मग तिनं हत्यार खिशात घातलं. "बरं. मेलं म्हणू या मग. तुमचंच खरं."

अशा रीतीनं जिवंत झाडाचा मृत्यू एकमतानं मंजूर झाला. थोरलीला शब्द परत घ्यायचे होते, पण ते घ्यायला कुठून सुरुवात करायची ते कळेना. नाना पुन्हा आत गेले नाहीत की पुढे आले नाहीत. ताई म्हणाली की तुम्हा दोघींना माझ्या शाळेत बाकावर उभं केलं असतं. गवंडी म्हणाला, तर मग टब हलवा.

टब हलेना. थोरला, धाकटा आणि गवंडी तिघं जोर लावून लाल झाले; बिडाचे चार पाय फरशीला चिकटल्यासारखे. गेल्या वर्षी फरशी बदलली तेव्हा हाच टब नाना आणि दोघा पोरांनी ढकलत ढकलत पलीकडे नेला होता आणि परत आणला होता. धाकटा धापा टाकत म्हणाला की झाड वाळलं म्हणजे वजन कमी व्हायला हवं. थोरला म्हणाला की तू खुर्चीत बसून वाढलास, म्हणून तुला तसं वाटतं. जावईबापूंना हात लावायला सांगण्यात अर्थ नव्हता, म्हणून त्यांना फक्त चटई सरकवायला सांगितलं. ते उठले नाहीत. चटईसकट थोडे घरंगळले आणि गार फरशीला गाल लावून पडून राहिले. घरात टबाच्या खाली कोणाची नजर जाईल अशा उंचीवर ते एकटेच होते.

"अरे," थोड्या वेळानं ते म्हणाले, "या पाइपला टोपी कशाला घातलीय?"

धाकटा गुडघ्यांवर बसला. मग थोरला बसला. टबाच्या बुडातून निघालेला नानांचा पाइप मोरीपर्यंत नीट आलेला होता, आणि त्याच्या तोंडावर एक डमी घट्ट बसवलेली होती. धंद्यात डमी म्हणजे काम चालू असेपर्यंत पाइपचं तोंड बंद ठेवायला लावतात ते झाकण. काम संपलं की ते काढायचं असतं. अख्ख्या गावाची तुंबलेली गटारं मोकळी करणाऱ्या घराण्याच्या दारातच हे बूच बसलं होतं, आणि खाली एक थेंब नव्हता. आमच्या हातचं गळत नाही.

थोरल्यानं पान्हा आणला आणि फिरवला.

आधी एक उसासा आल्यासारखा आवाज झाला. मग काळंशार, कुबट वासाचं पाणी असं सुटलं की गवंड्यानं आपलं सामान उचललं आणि कठड्यावर चढला. जावईबापू उठायचं की नाही याचा विचार करत होते. विचार पूर्ण होईपर्यंत ते पाठीकडून भिजलेले होते. पाणी मोरीत जात राहिलं, जात राहिलं. बघे जरा मागे सरकले, आणखी सरकले, तरी ते येतच होतं. खालच्या मजल्यावरून कोणीतरी, टाकी फुटली का, असं विचारलं.

"एवढं पाणी आलं कुठून?" धाकट्यानं खात्यातल्या आवाजात विचारलं.

"मी घालत होते थोडंसं," थोरली म्हणाली. "पहाटे."

"पहाटे मी घालत होते," धाकटी म्हणाली. "तुमचं दार लागलं की."

"तू?"

"मला वाटलं तुम्ही गरम पाणी ओतता."

"गरम?" थोरलीचा आवाज चिरकला. "अगं, मी गाळून घालत होते. आणि मला वाटायचं तू साबणाचं..."

ती पुढे बोललीच नाही, कारण धाकटी हसायला लागली होती, आणि ते हसू असं होतं की त्यात डोळे पुसावे लागतात. मग नवऱ्यांचंही बाहेर आलं. नळ तपासणं आलं, फोनवरच्या येरझाऱ्या आल्या. ताईनं घसा साफ करून सांगितलं की तीसुद्धा जाता-येता शाळेच्या बाटलीतलं उरलेलं टाकत होती, फार नाही. सगळ्यांनी नानांकडे पाहिलं. नानांनी हातातला रिकामा पेला पाठीमागे नेला, पण उशीर झाला होता. गोटे वरून कोरडे दिसत, खाली विहीर साचलेली. ज्या झाडाकडे कोणी बघत नाही म्हणून प्रत्येक जण दुसऱ्यावर चिडून होता, ते झाड माया अति झाल्यामुळे बुडत होतं.

पुढचं काम दोघी जावांनी केलं, आणि ते करताना त्यांनी पुरुषांना बाजूला सरकायला सांगितलं. धाकटीनं बाह्या दुमडल्या. थोरलीनं गोटे काढून परातीत भरले. कडेची माती उकरली तर बाहेरची मुळं हाताला लागताच भिजल्या कागदासारखी सुटून आली. धाकटी ती कात्रीनं कापत आत आत गेली. थोरली खोड धरून होती, आणि विचारायचं धाडस होत नसल्यामुळे फक्त धाकटीच्या चेहऱ्याकडे बघत होती. नाना दाराची चौकट धरून होते. गवंडीसुद्धा कठड्यावरून डोकावत होता.

"पांढरी आहेत," धाकटी म्हणाली. "आतली सगळी पांढरी आहेत."

"म्हणजे?"

"म्हणजे वाचेल, वहिनी. वरचं निम्मं छाटावं लागेल. माती बदलू. आणि मी सांगेपर्यंत कोणी पाण्याचा थेंब घालायचा नाही."

थोरली तिथेच फरशीवर, त्या घाण पाण्यात बसली. हिरवं होतं गं मघाशी, ती म्हणाली, मला दिसलं होतं. धाकटी म्हणाली, मला माहीत आहे. एवढंच झालं. समेट म्हणून याहून लांबलचक काही झालं असतं तर या घराला ते झेपलं नसतं.

आता प्रश्न उरला डमीचा. ती थोरल्याकडून धाकट्याकडे आणि तिथून नानांच्या तळहातावर आली. आट्यांवर पांढरी टेप गुंडाळलेली होती. घट्ट, एकसारखी, शेवटचं टोक अंगठ्यानं दाबून आत घेतलेलं. अशी टेप गावात तीनच माणसं गुंडाळतात, आणि ती तिन्ही टबाभोवती उभी होती. नानांनीच दोघांना शिकवली होती.

थोरल्यानं टेप पाहिली आणि पान्हा पाठीमागे लपवला. फरशी बदलताना त्यानं इतक्या पाइपांना डमी लावल्या होत्या की हात आपोआप चालत होते. ही त्यातलीच. भिंत घालायची झाली तर आता आधी डमी कोणी लावली हा प्रश्न निघणार. तो म्हणाला की भिंतीची एवढी काय घाई आहे. धाकट्याला आठवलं की खालच्या बाईंनी चादरींवर थेंब पडतात अशी तक्रार केली होती आणि आपण 'बघतो' म्हणालो होतो. बघितलं की नाही ते आठवेना. त्या अर्थी बघितलंच असणार. तो लगबगीनं म्हणाला की दादा, घाई कसली, गरजच काय आहे. गॅलरी मोकळी बरी, हवा येते. थोरला म्हणाला, हवा तर येतेच, आणि कोटांना ऊनही लागतंच की. दोघं भाऊ एकमेकांशी इतके गोड बोलू लागले की ताईला संशय आला. पण भांडण मिटत असताना चौकशी करायची नसते, हे तिला शाळेत कळलेलं होतं.

नानांना संशय नव्हता. त्यांना खात्री होती. फरशीवाल्यानं ओल्या सिमेंटवर डाग पडतात म्हणून कुरकुर केली होती आणि ते स्वतः, कण्हत कुंथत, खाली वाकले होते. त्या वाकण्यानं कंबर धरली, तेव्हापासून वाकणं सुटलं, आणि डमी काढायला कोण वाकणार? म्हणजे आयुष्यात माप एकदाच चुकलं होतं, हेही आता खरं राहिलं नाही. त्यांनी दोघा पोरांची ती धांदल पाहिली. खरं सांगितलं तर दोघांच्या छातीवरचं ओझं उतरलं असतं. नानांनी क्षणभर विचार केला, आणि ओझं जिथे आहे तिथे बरं असं ठरवलं. डमी खिशात टाकली आणि गंभीरपणे म्हणाले की झालं ते झालं, कोणी लावली ते मी विचारणार नाही. पोरांनी कृतज्ञतेनं माना खाली घातल्या.

गवंडी कठड्यावरून उतरला आणि म्हणाला, सगळं ठीक आहे, पण विटा खाली आलेल्या आहेत. तेव्हा नानांनीच तोड काढली. भिंत घाल, ते म्हणाले, पण गुडघ्याएवढी, आणि कठड्यापासून टबापर्यंतच. वरून गुळगुळीत कर. बसता आलं पाहिजे. गवंड्यानं दोरी खाली घेतली. त्याला काय, वीट ती वीट.

आणि पाणी कोणी घालायचं? यावर पुन्हा वाद होणार अशी लक्षणं दिसली. जावा एकमेकींना तू घाल, तुम्ही घाला म्हणत होत्या, म्हणजे दोघी घालणार होत्या. ताईनं सगळ्यांना गप्प केलं आणि विचारलं की या घरात असा कोण आहे, ज्यानं आजवर या झाडाला एकदाही पाणी घातलेलं नाही?

जावईबापू धाकट्याचा कोरडा सदरा घालून चटईवर परतले होते. सगळ्या माना आपल्याकडे वळलेल्या पाहून ते दचकले. मला झाडांतलं काही कळत नाही, त्यांनी कळकळीनं सांगितलं. आठवण राहत नाही. पाठ दुखते.

"म्हणूनच," नाना म्हणाले. "आठवण झाली तरच या. आणि आलात तरी आधी थोडा वेळ बसा."

इतक्या वर्षांत सासऱ्यांनी त्यांना दिलेली ही पहिली जबाबदारी. जावईबापूंनी ती आडव्यानंच स्वीकारली.

पहिला कोंब फुटायला बरेच दिवस गेले. छाटलेल्या खोडाच्या बगलेत, तांदळाच्या दाण्याएवढा. तो पहाटे थोरलीनं पाहिला, आणि तोंडावर हात ठेवला. तिचं दार लागल्यावर धाकटीनं पाहिला. थोरल्यानं नळ तपासताना पाहिला, धाकट्यानं फोनवर बोलताना पाहिला आणि पलीकडच्याला, नंतर करतो, म्हणाला. कोणी कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर आनंदाच्या भरात कोणीतरी पाणी घातलं असतं.

संध्याकाळी जावईबापू आले. गुडघ्याएवढ्या भिंतीवर बसले, मग जागा चांगली आहे असं पाहून आडवे झाले. नाना आपल्या दारातून, मधल्या दारातून, बाहेर आले आणि त्यांच्या पायांशी बसले. एक पाय थोरल्याच्या बाजूला, एक धाकट्याच्या.

"आज घालायचं का पाणी?" जावयानं आळसावून विचारलं.

नानांनी कोंबाकडे पाहिलं. खिशात हात घातला, डमी चाचपली, टेपचं टोक अंगठ्यानं दाबलं.

"नको," ते म्हणाले. "उद्या बघू. नाहीतर परवा."